लेकीला पुन्हा तिसरीत बसवलं तरी बसू द्या

प्रश्न : माझ्या नवऱ्याला जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत नोकरी मिळाली आहे. तीन वर्षांचा करार, वर्षाला 78 हजार युरो पगार, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या तिकडच्या नोकरीच्या परवान्यावर, जायचं आहे. एप्रिलमध्ये त्यांना रुजू व्हायचंय. मुलीचा जन्म नोव्हेंबर 2016 चा, सध्या सीबीएसईच्या चौथीत आहे. धाकटा येत्या मेमध्ये सहा पूर्ण करेल, तो सीनियर केजीत आहे. कंपनी म्हणते, शाळेचं तुमचं तुम्ही बघा. इंटरनॅशनल शाळेची फी ऐकून झोप उडाली आहे. सरकारी शाळा फुकट असते म्हणतात, पण तिथे सगळं जर्मनमध्ये, आणि मुलीला त्यातलं अक्षर येत नाही. वर तिला एक वर्ग खाली बसवतील असं एका मैत्रिणीनं सांगितलं. सासूबाई म्हणतात, वर्षभर तिला इथेच ठेवा, आम्ही सांभाळतो. परत आल्यावर इथे प्रवेश मिळेल ना? काहीच सुचत नाही.
– एक आई, वाकड, पुणे

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांपैकी सासूबाईंच्या सूचनेचं उत्तर आधी देते, कारण ते माझ्यापुरतं पक्कं आहे. मुलीला मागे ठेवू नका. त्यांची माया खरी आहे, आणि एका वर्षात आई-बाबा तिकडे बस्तान बसवतील हा विचारही चुकीचा नाही. पण तिचं वय त्यांनी हिशेबात धरलेलं नाही. वर्षभरानं ती गेली तर जर्मन शाळेतला चौथीनंतरचा, सगळ्यात महत्त्वाचा फाटा तिच्या डोळ्यांसमोरून निघून गेलेला असेल, आणि ती पोचेल तेव्हा धाकटा भाऊ फडाफडा जर्मन बोलत असेल. मोठ्या बहिणीला हे फार लागतं.

आता फी. स्टुटगार्टच्या परिसरात इंटरनॅशनल शाळेची फी वर्षाला, एका मुलामागे, वीस हजार युरोंच्या आगेमागे असते. प्रवेशाच्या वेळची एकरकमी रक्कम वेगळी, बस वेगळी, जेवण वेगळं. दोघांचे मिळून चाळीस हजार, म्हणजे युरोला शंभर रुपये धरले तरी वर्षाला चाळीस लाख. 78 हजार पगारातून कर, पेन्शन, आरोग्यविमा वगैरे वजा जाता महिन्याला साडेचार हजार युरोंच्या आसपास हातात येतील. त्यातले दीड-दोन हजार घरभाड्याला. बाकी उरलेल्यात दोन मुलांची ही फी बसवायची म्हटली तर खायचं काय, हा प्रश्न उरतो. करात सवलत मिळते, पण ती ऐकून हुरळून जाऊ नका. खासगी शाळेच्या फीच्या तीस टक्के, आणि एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त 5,000 युरो एवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते. रक्कम वजा होते, तेवढा कर नव्हे. प्रत्यक्षात मुलामागे दीड हजाराच्या आसपास वाचतील.

म्हणजे कंपनी फी देत नसेल तर इंटरनॅशनल शाळा हा पर्याय तुमच्यासमोर नाहीच. याचं वाईट वाटून घेऊ नका. उलट सुटलात असं मी म्हणेन. बचत मोडून, इथला फ्लॅट भाड्यानं देऊन, सासऱ्यांकडून घेऊन ती फी भरणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि दुसऱ्या वर्षी मुलांना त्या शाळेतून काढायची वेळ आली तेव्हा मुलांची झालेली ओढाताणही पाहिली आहे. मात्र करारावर सही झाली नसेल तर नवऱ्याला एकदा कंपनीशी बोलायला सांगा. फी मागू नका, ती मिळाली तरी पगार समजून तिच्यावर कर लागतो. त्याऐवजी तुमच्या आणि मुलांच्या जर्मनच्या शिकवणीचा खर्च मागा, आणि स्थलांतरासाठी नेमलेल्या एजन्सीनं घराबरोबर शाळेतही सोबत यावं असं लिहून घ्या. या गोष्टी कंपन्या बऱ्याचदा मान्य करतात, पण सहीच्या आधी.

तर राहिली सरकारी शाळा. फी शून्य. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे, पुस्तकंसुद्धा शाळा वापरायला देते, वर्षअखेरीला परत करायची. खर्च होतो तो दप्तरावर. पहिलीच्या मुलांची ती चौकोनी, कडक दप्तरं नवी घेतली तर दोनशे युरोंच्या पुढेही जातात, जुनी चांगली मिळतात, खुशाल घ्या. शिवाय सहली, रंगसाहित्य, दुपारचं जेवण. दुसरीकडे सरकारच तुम्हाला पैसे देतं : किंडरगेल्ड, जानेवारी 2026 पासून मुलामागे महिन्याला 259 युरो. दोघांचे 518. ब्लू कार्डवाल्यांना ते मिळतं. अर्ज लवकर करा, कारण मागचे पैसे फक्त सहा महिन्यांपर्यंतचे मिळतात, आणि घर, बँक, नोंदणी या धावपळीत हा अर्ज हमखास मागे पडतो.

पण फुकट शाळेचीही किंमत असते, आणि ती तुम्हाला आत्ताच ठाऊक हवी. ती मोजावी लागते आईबापांच्या वेळात आणि मुलाच्या पहिल्या सहा-आठ महिन्यांत. प्राथमिक शाळा, तिकडे तिला ग्रुंडशुले म्हणतात, बऱ्याच ठिकाणी दुपारी बारा-एकलाच सुटते. पालकसभा जर्मनमध्ये, सूचनांच्या चिठ्ठ्या जर्मनमध्ये, आणि शिक्षिका गृहीत धरतात की घरी कोणीतरी अभ्यासाकडे बघणारं आहे. तुम्हाला ब्लू कार्डधारकाची पत्नी म्हणून पहिल्या दिवसापासून नोकरी करायची मुभा आहे. पण पहिलं वर्ष ती पूर्णवेळ शोधू नका, असं मी मनापासून सांगते. ते वर्ष मुलांना आणि तुमच्या स्वतःच्या जर्मनला द्या.

धाकट्याचं तसं सोपं आहे. त्या राज्यात 30 जूनपर्यंत सहा पूर्ण करणारी मुलं त्याच सप्टेंबरात पहिलीत जातात, म्हणजे तो बरोबर बसतो. सगळी मुलं एकदमच अ-आ-इ शिकायला लागतात तेव्हा हाही त्यांच्यातलाच एक असेल. आणि त्याचं नशीब आणखी एका बाबतीत चांगलं : ऑगस्ट 2026 पासून जर्मनीत पहिलीच्या मुलांना शाळा धरून रोज आठ तास सांभाळ मिळण्याचा कायदेशीर हक्क लागू होतोय, आणि तो पुढे वर्षावर्षानं चौथीपर्यंत वाढणार आहे. हा हक्क फुकट नाही, दुपारच्या वेळेचे आणि जेवणाचे पैसे गावागणिक वेगळे असतात, पण जागेसाठी हात जोडत फिरावं लागणार नाही अशी आशा आहे. एप्रिल ते जुलैमध्ये त्याला बालवाडी मिळेल का, याबद्दल मात्र फार भरवसा ठेवू नका. स्टुटगार्टकडे बालवाडीच्या जागांची चणचण आहे, आणि त्या राज्यात बालवाडीला फीही पडते. नाव नोंदवून ठेवा, नाही मिळाली तर रोज बागेत न्या. वाळूच्या खड्ड्यात मुलं जेवढी जर्मन शिकतात तेवढी कुठल्या क्लासात शिकत नाहीत.

आता लेकीकडे येते, कारण खरा विचार तिचाच करायचा आहे.

जर्मनीत शाळा ही राज्याची बाब आहे. सोळा राज्यं, सोळा तऱ्हा. तुमच्या राज्यात ग्रुंडशुले चौथीपर्यंत असते, आणि चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात : गिम्नाजियम, जिथून पुढे विद्यापीठाचा सरळ रस्ता असतो, रिआलशुले, जी दहावीपर्यंत, आणि गेमाइनशाफ्ट्सशुले, जिथे सगळ्या तऱ्हेची मुलं एकत्र शिकतात. दहा वर्षांच्या मुलाची अशी वाटणी करणं मला आजही पटत नाही, पण ती आहे. चौथीच्या नोव्हेंबरात जर्मन आणि गणिताची एक चाचणी होते, फेब्रुवारीत शिक्षकांची शिफारस येते. शिफारस, चाचणी आणि पालकांची इच्छा, या तिन्हींपैकी दोन गिम्नाजियमच्या बाजूनं असतील तर प्रवेश होतो. नाहीतर आणखी एक परीक्षा देता येते. 2025 पर्यंत काही वर्षं तिथे पालकांचाच शब्द शेवटचा होता. आधी गेलेल्या ओळखीच्या कुटुंबानं तसं सांगितलं तर त्यांच्या वेळी ते खरं होतं, आता नाही.

म्हणूनच मैत्रिणीनं सांगितलेली गोष्ट तुम्हाला जितकी वाईट वाटते आहे तितकीच मला चांगली वाटते. नोव्हेंबर 2016 चा जन्म, म्हणजे तिकडच्या हिशेबानं ती आत्ता तिसरीतच असती. एप्रिलमध्ये शाळेत गेली की तिला तिसरीत घेतील. इथे चौथी पूर्ण केलेल्या मुलीला तिथे तिसरीत बसवलं की आईबाप शाळेत जाऊन भांडतात, हुशार आहे हो आमची, गणितात पहिली येते, वरच्या वर्गात घ्या. तसं करू नका. एप्रिल ते जुलै तिसरी, मग मोठी सुट्टी, मग सप्टेंबरात चौथी. ही तिसरी तिला मिळालेली उसंत आहे. गणित तिला येत असेल, त्यामुळे रोज निदान एका तासाला तरी तिला वर्गात मान वर करून बसता येईल. नाशिककडची एक मुलगी मला आठवते. नाताळपर्यंत ती शाळेत तोंडातून शब्द काढत नव्हती. आई रडकुंडीला आलेली. पालकांच्या भेटीत शिक्षिकेनं तिची गणिताची वही पुढे ठेवली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मुलीनं शेजारणीसाठी पेन्सिलीनं पायऱ्या सोडवून दाखवल्या होत्या. बोलत नव्हती, पण तिची मैत्री झालेली होती. वसंतात ती बोलायला लागली, आणि मग थांबली नाही.

जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी बऱ्याच शाळांत पूर्वतयारीचा वर्ग असतो. मुलं तिथे जर्मन शिकतात आणि खेळ, संगीत, चित्रकला यांना नेहमीच्या वर्गात बसतात. सगळ्या शाळांत तो नसतो, आणि इथे घराचा प्रश्न येतो. ग्रुंडशुले तुमच्या पत्त्यावरून ठरते. ज्या रस्त्यावर राहाल त्याची शाळा नेमलेली असते, आवडीची शाळा निवडायची सोय साधारणपणे नाही. म्हणजे घर निवडताना तुम्ही शाळा निवडत असता. नवऱ्याला सांगा, भाडेकरारावर सही करण्याआधी त्या पत्त्याची ग्रुंडशुले कोणती ते बघून तिथे फोन करा आणि तीन गोष्टी विचारा : पूर्वतयारीचा वर्ग आहे का, दुपारी किती वाजेपर्यंत मुलं राहू शकतात, आणि तिसरीत सध्या जागा आहे का. स्वयंपाकघर मोठं आणि स्टेशन जवळ म्हणून घर घेतलं आणि शाळेचं नंतर बघू म्हटलं, की त्याचे चटके मुलांना बसतात.

चर्चच्या किंवा वाल्डोर्फ पद्धतीच्या, म्हणजे कला-हस्तकलेवर भर देणाऱ्या, खासगी शाळाही तुमच्या कानावर येतील. वाल्डोर्फची पहिली शाळा स्टुटगार्टमध्येच 1919 साली, एका सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली. या शाळांची फी इंटरनॅशनल शाळांच्या मानानं कितीतरी कमी असते, बऱ्याच ठिकाणी उत्पन्नाप्रमाणे ठरते, कारण मुलांची निवड पालकांच्या पैशावरून होऊ नये असं जर्मन राज्यघटनेतच म्हटलं आहे. पण शिकवणं जर्मनमध्येच. तीन वर्षांसाठी जाणाऱ्यांनी त्यात पडू नये, जवळची सरकारी शाळा बरी.

समजा फेब्रुवारीत गिम्नाजियमची शिफारस आली नाही. येईल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, दहा महिन्यांच्या जर्मनवर ते अवघड असतं. तरी घरात सुतक नको. रिआलशुलेत चांगले गुण असतील तर मधूनही गिम्नाजियमला जाता येतं, आणि दहावीनंतर तीन वर्षांचं व्यावसायिक गिम्नाजियम करून तीच आबिटुअरची, म्हणजे गिम्नाजियमच्या शेवटी असणारी विद्यापीठ-प्रवेशाची, परीक्षा देता येते. त्या राज्यात हजारो मुलं दरवर्षी याच वाटेनं विद्यापीठात जातात. आपल्याकडे दहावीला टक्के कमी पडले की घर जसं गप्प होतं, तसं तिच्या दहाव्या वर्षी होऊ देऊ नका. तिथे 1 हा सर्वांत चांगला गुण असतो आणि 6 सर्वांत वाईट, हे आजी-आजोबांनाही आधीच सांगून ठेवा.

परतण्याबद्दल. करार संपेल तेव्हा तिच्या वयाची मुलं इथे सातवी संपवून आठवीत जात असतील. हे वय सोयीचं आहे. सीबीएसईची नोंदणी नववीत होते. नववीच्या आत परत आलात तर शाळा स्वतःची चाचणी घेऊन वर्ग ठरवते, आणि वर्ष वाया जायचं कारण नाही. थेट दहावीत प्रवेश मात्र जवळजवळ मिळत नाही. म्हणून मुक्काम वाढवायचा की नाही हे तिच्या आठवीच्या आत ठरलं पाहिजे. आणि तो वाढतो, हे मी तुम्हाला सांगून ठेवते. ब्लू कार्डवर 27 महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो, जर्मन बऱ्यापैकी, म्हणजे बी-वन पातळीची, येत असेल तर 21 महिन्यांतच. तीन वर्षं म्हणून गेलेली किती घरं तिथेच राहिली आहेत. तुम्ही दोघं एकदा निवांत बसून, नातेवाईक आजूबाजूला नसताना, हे बोलून घ्या : खरंच तीन वर्षं, की जमलं तर कायमचं? उत्तर काहीही असलं तरी पहिली दोन वर्षं सरकारी शाळाच, पण मराठी-हिंदीचा अभ्यास किती लावून धरायचा ते यावर ठरेल. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. आठवीत परतलेल्या मुलीला जोडाक्षरं अडायला लागली तर तिचे हाल होतात. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. आठवड्यातून दोन धडे मोठ्यानं वाचून घेतले तरी पुरे. घरात तिच्याशी मोडकंतोडकं जर्मन बोलू नका. घरी मराठीच, अगदी शाळेची गोष्ट सांगतानासुद्धा.

सुट्ट्यांचं एक वेगळं सांगते, कारण यावर वाद होतात. तिथे शाळा सक्तीची आहे, घरी शिकवायची परवानगी नाही, आणि गणपतीसाठी किंवा मावसबहिणीच्या लग्नासाठी आठ दिवस दांडी मारून भारतात येणं चालत नाही, दंड होतो. जुलैअखेर ते सप्टेंबरचा दुसरा आठवडा ही मोठी सुट्टी, तेव्हा विमानाची तिकिटं महाग. दोन मुलांसह दरवर्षी यायचं तर हा खर्च फीच्याच रकान्यात धरा.

आता निघण्याआधीचं. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात किंवा एखाद्या चांगल्या शिक्षिकेकडे तुम्ही आणि मुलगी दोघीही आजपासून जर्मन सुरू करा. दोन-अडीच महिन्यांत भाषा येणार नाही, पण "मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का" आणि "मला शौचालयात जायचंय" ही वाक्यं तिला न चाचरता म्हणता आली पाहिजेत. लसीकरणाच्या फायली काढा. गोवराच्या दोन डोसांचा पुरावा जर्मनीत 2020 पासून शाळेला आणि बालवाडीला बंधनकारक आहे, बालवाडी तर त्याशिवाय घेतच नाही. एमआर किंवा एमएमआर असं स्पष्ट लिहिलेलं, तारखा आणि डॉक्टरांचा शिक्का असलेलं कार्ड हवं. नुसती पेन्सिलीची खूण असेल तर डॉक्टरांकडून नीट लिहून घ्या. शाळेचा दाखला आणि दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं बरोबर ठेवा.

मुलीला तिथे काय काय वेगळं असेल तेही सांगा. शाळेत घालायच्या सपाता वेगळ्या न्याव्या लागतात. मधल्या सुट्टीच्या डब्याला तिकडे फेस्पर म्हणतात आणि त्यात ब्रेड, काकडी, सफरचंदाच्या फोडी असतात. पोहे न्यायला हरकत नाही, पण पहिले पंधरा दिवस तिला काय न्यायचंय ते तिला ठरवू द्या. मुलं शाळेत चालत, एकटी जातात, गाडीनं दारापर्यंत सोडलेलं शिक्षकांना आवडत नाही. चौथीत पोलीस येऊन सायकल चालवण्याची परीक्षा घेतात. तिला सायकल येत नसेल तर ती मात्र वाकडमध्येच शिकवून न्या. भाषा येत नसताना जी मुलगी सायकल आणि पोहणं जाणते तिला तिथे लवकर मैत्रिणी मिळतात.

आणि जा एप्रिलमध्येच, नवऱ्याबरोबर किंवा फार तर तीन-चार आठवड्यांनी, घर हाती आलं की. इथली परीक्षा मार्चमध्ये संपते, तिसरीचे ते साडेतीन महिने तिला मिळाले पाहिजेत. पहिल्या भेटीत मुख्याध्यापक वर्गाबद्दल विचारतील तेव्हा तुम्ही होऊन म्हणा, तिला तिसरीतच बसवा. गाडी रुळाला लागली की नोव्हेंबरच्या चाचणीआधी मला पुन्हा लिहा, तेव्हा गिम्नाजियमचं बोलू.